फाटकातली हाक

मालवण, गुरुवार, कार्तिक वद्य षष्ठी

आज आठवीला 'टर्न ओव्हर अ न्यू लीफ' शिकवलं. फळ्यावर अर्थ लिहिला, वाईट सवय सोडून नव्याने सुरुवात करणे. मुलांनी वाक्यं केली. कुणाच्या मामाने विडी सोडली, कुणी पहाटे उठायला लागलं. तास संपला. इतकं सोपं असतं का ते?

दादाने गणपतीत देवापुढे गाऱ्हाणं घालून दारू सोडली. दारूबंदीतही याला रोज मिळायची. तेव्हापासून थेंब नाही, मी स्वतः पाहतोय. आता तो दिवेलागणीलाच घरी येतो आणि फाटकातून मोठ्याने म्हणतो, "मी इलंय गो." शब्द स्पष्ट, जरा जास्तच स्पष्ट. आम्हाला आवाजावरून कळावं म्हणून, असं मला वाटायचं. विचारत तर कुणीच नाही.

पण ती हाक आली की त्याची बेबी अजूनही पाटी उचलून मागच्या पडवीत जाते. पूर्वी जायची तशीच. आज मी तिला अडवलं. म्हटलं, बाबांनी सोडली ना आता.

"माका म्हायत आसा, काका," म्हणाली, आणि गेली.

राग आला, पण कुणाचा ते ठरवता येईना. मग बाहेर पाहिलं. हाक मारून दादा फाटकातच उभा होता, चपलेतली वाळू झाडत. एकच चप्पल, पुन्हा पुन्हा. मागचं दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे त्याने अंगणात पाऊल टाकलं.

तिला जायला वेळ देत होता तो. रोजच देत असणार. मी आज पाहिलं.