पोटाचा आतला पट्टा

१४ जुलै, सोमवार

आधी तब्येती. सारजा पहिलीत होती तेव्हा तिच्याच पुस्तकावरून तिनं मला अक्षरं शिकवली, चुलीपुढं बसून. तेव्हा म्हणाली होती, आई, लिहायला बसलं की आधी सगळ्यांची खुशाली. लेकीनं सांगितलेलं अजून पाळते.

ह्यांचा खोकला उतरला. विडी काही सुटत नाही. सौरभचं नख ट्रॅक्टरच्या दारात सापडून काळं पडलंय, बाकी पोरगा ठीक. नात छकुली पाच महिन्यांची झाली, पालथी पडते आणि सरळ होता येईना म्हणून रडते. म्हशीचा सुजलेला सड बरा. मी बरी. सारजा तिकडं वरकुट्याला सासरी — कंबर. दुसरं काय! सोळा वर्षं तेच गाणं.

काळजी आहे ती सुनेची, माधवीची. बाळंतपणाआधी गावातलं दूध केंद्र ती एकटी चालवायची. वीस लिटरचे कॅन स्वतः टेम्पोत चढवायची, गड्यांना हात लावू द्यायची नाही. आता उभी राहिली की पोट पुढं. आज दारावरून जाताना फुलाबाई म्हणाली, "काय गं माधवे, एक पाळण्यात हाय तवर दुसरं?"

माधवी हसली. आत येऊन ओढणी सारखी करत बसली.

केंद्राच्या चेअरमननं निरोप धाडलाय — दसऱ्याला येतीस का सांग, न्हायतर दुसरी बाई बघतो.

१५ जुलै

तिचं पोट मीच बांधलं होतं. आमच्या अंथुर्ण्यात बाळंतिणीचं पोट बांधायला चाळीस वर्षं मलाच बोलावणं येतं. धुवट नऊवारीची पट्टी, सात वेढे, करकचून, गाठ कुशीला. साखरबाईची गाठ सुटत न्हाय, असं बायका माझ्याबद्दल म्हणतात. मग हिचं पोट का सुटलं?

१८ जुलै, शुक्रवार

माधवीनं मोबाईलवर बघून व्यायाम काढला. उताणं पडायचं, हात डोक्यामागं, उठून कपाळ गुडघ्याला लावायचं. तिचे पाय उचलत होते म्हणून मी पायांवर बसले. वजन आपलं भरपूर. मोजायचं कामही माझ्याकडं. परवा वीस, आज साठ. झालं की वरून पट्टी, आधीपेक्षा घट्ट.

हे ओसरीवरून म्हणाले, "सासूच पायावर बसलीया, सून पळंल कुठं?"

एक पाहिलं. ती उठताना बेंबीच्या वर मधोमध पोट वर येतं, उभ्या रेषेत ठेवलेल्या काकडीएवढं. मी म्हटलं, बघ, पोटात ताकद यायला लागली.

२१ जुलै

शंभर झाले! गूळ-शेंगदाणे दिले.

२२ जुलै, मंगळवार

छकुलीला पाळण्यातून उचलायला वाकली ती वाकलीच. पाठीत असं काही भरलं की सौरभनं हाताला धरून भिंतीला टेकवली. पोर पाळण्यात रडते, आई भिंतीपाशी.

"आत्या, मी बी सारजाताईंसारखीच व्हणार का?"

"गप. तिचं येगळं. ती पहिल्यापासनं आळशी हाय."

२४ जुलै, गुरुवार

बारामतीला जाऊन आलो. रेश्मा मॅडम म्हणून आहेत, गोळ्या देत नाहीत, व्यायाम करून घेतात. सौरभच्या वयाच्या असतील. हात मात्र जाणत्या बाईचे.

त्यांनी माधवीला उताणं निजवलं, डोकं जरासं उचलायला लावलं आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवली. एक नाही, दोन नाही, तीन बोटं आत गेली. माझा हात धरून माझीही बोटं तिथं ठेवली. आई गं. दोन्हीकडं मांस आणि मधे काही नाही, मऊ, भिजल्या कणकेत बोट जावं तसं.

"गरोदरपणात पोटाचे उभे स्नायू मधून फाकतात, आजी. पुष्कळ जणींचे आपोआप जवळ येतात. हिचे आले नाहीत. आणि हे शंभर-शंभर उठणं, त्यानं मधला भाग बाहेर ढकलला जातो. ती काकडी दिसते ना, ती ताकद नाही. तो फुगवटा आहे."

मी विचारलं, "मग पट्टी?"

"आधाराला सैल बांधली तर हरकत नाही. पण करकचून आवळली तर दाब खाली जातो. आणि आतला पट्टा काम करायचं सोडतो."

"आतला कुठला?"

मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. पोटाला पदर असतात. वरचा उभा. त्याच्या खाली दोन तिरपे, एकमेकांना कापणारे. आणि सगळ्यांत आत एक आडवा, पाठीपासून पुढं आलेला, अख्ख्या पोटाला वेढून.

चाळीस वर्षं बाहेरून पट्ट्या बांधल्या. देवानं आतून एक आधीच बांधून दिलेली आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. कागद मागून आणला. वहीत ठेवलाय. सारखी काढून बघते.

२५ जुलै

आज पट्टी सोडली. धुऊन वाळत घातली. उचलून ठेवायला हात वळला नाही.

२७ जुलै, रविवार

व्यायाम सांगितलाय तो ऐकायला पोरखेळ. गुडघे वाकवून उताणं पडायचं. नाकानं श्वास घ्यायचा, पोट भरू द्यायचं. मग तोंडानं हळू फुंकर सोडायची आणि सोडता सोडता बेंबी पाठीकडं न्यायची, खालून लघवी रोखल्यासारखं वर ओढायचं. दहा वेळा. बस्स. उठायचं तेही कुशीवर वळून, हाताला जोर देऊन.

पण माधवीला जमेना. पोट आत घेते आणि श्वासच धरून बसते, तोंड लाल. म्हणते, "आत्या, त्यो आतला पट्टा मला सापडतच न्हाय."

मलाही कुठं सापडलाय?

३१ जुलै, गुरुवार

सापडला!

सकाळी परसात पाणी तापवायला चुलीला जाळ घातला. लाकडं ओली. फुंकणी तोंडाला लावून फुंकत होते, दुसरा हात सहज पोटावर. आणि हाताखाली काय होतंय! फुंकर लांबते तसं पोट आपोआप आत जातंय, बाजूनं आवळतंय, खालूनही वर. कुणी न सांगता. मी फुंकायची थांबले, पोट सैल. फुंकली, की आवळलं. लाकडं विझली तरी मी तिथंच. किती वेळ बसले ठाऊक नाही. साठ वर्षांच्या वर ह्या पोटात राहते आणि आज त्याची ओळख झाली.

माधवीला हाक मारली. ती गॅसवाली, फुंकणी कधी तोंडाला लावली नाही. पहिल्या फुंकरीला राख उडून ह्यांच्या चहात पडली.

हे म्हणाले, "चूल पेटवायचीय, का मलाच?"

मग घरात फरशीवर कापसाचा बोळा ठेवला. माधवी कुशीवर निजून, फुंकणी तोंडात, बोळा हलवायचा. मी हात तिच्या पोटावर ठेवून बसले. सहाव्या-सातव्या फुंकरीला हाताखाली हललं. आत, खोल. वासरू पोटात पहिल्यांदा हलतं तसं, बारीक.

तिनं फुंकणी खाली ठेवली. ती म्हणाली, "ह्योच का?" मी म्हटलं, "ह्योच."

१० ऑगस्ट

रोज तीनदा. आता फुंकता फुंकता एक टाच लांब सरकवायची, परत आणायची. काकडी वर आली की थांबायचं. मला वाटायचं घाम गळाल्याशिवाय व्यायाम नाही. हिला घाम येत नाही आणि पाठ धरायची थांबली!

१७ ऑगस्ट

फुलाबाईनं विचारलं, फुंकणी घेऊन काय करता गं दोघी? मी म्हटलं, ये, नीज, दाखवते. पळाली.

२६ ऑगस्ट, मंगळवार

बारामती. माधवीची तीन बोटं होती ती दोन झाली. त्याहून मोठं म्हणजे तळ लागतो. बोट बुडत नाही, खाली ताण आहे. फुंकणीचं सांगितलं तर मॅडम इतक्या हसल्या की डोळे पुसले. म्हणाल्या, पुढच्या बाळंतिणीला मी हेच सांगणार. आता हात-गुडघे टेकून, उजवा हात आणि डावा पाय उचलायचा, मग उलट. ही तर सारवायची बैठक!

निघताना म्हटलं, माझंही बघा की. निजवलं. बघितलं.

"आजी, तुमचेही स्नायू दोन बोटं फाकलेले आहेत. कधीचे असतील. पण आतून आवळतंय झकास. तुमचं कुणी बांधलं होतं?"

"सासूनं."

"आणि कितव्या दिवशी कामाला लागलात?"

आमच्यात बारसं झालं की बाळंतिणीनं हंडा उचलायचा. पोट बांधलंय म्हणजे भीती नाही. माझ्या सासूनं मला उचलायला लावला. मला चुलीनं तारलं असेल, रोज घटकाभर फुंकायचे. मी पुढं किती जणींना लावला —

एसटीत बोटं मोजत आले. एकीपाशी थांबले. तिच्या सासरी तेव्हाही गॅस होता.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. मोदक केले. लक्ष नव्हतं.

१४ सप्टेंबर, रविवार

माधवी रिकामा कॅन उचलते. मग पाच लिटर पाणी घालून. वाकायच्या आधी श्वास, उचलताना फुंकर. घरात सारखं फू-फू चाललेलं. छकुलीही ओठ पुढं काढून थुंकी उडवते.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा झाला. आज माधवी केंद्रावर गेली. मी छकुलीला काखेत घेऊन मागोमाग.

माप झालं, टेम्पो आला. चेअरमन तिथंच उभे. ड्रायव्हर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वयनी, आमी घेतो."

"तुमी निसता टेम्पो धरा."

गुडघ्यात बसली. श्वास घेतला. मला तिच्या कुडत्याआडून तो पट्टा आवळताना दिसला, आई शप्पथ दिसला. मग तोंडानं लांब फुंकर आणि भरला कॅन वर! काहीच नसल्यासारखा. दुसरा. तिसऱ्याला चेअरमननं वही उघडून तिचं नाव लिहिलं.

माझ्याच तोंडून फुंकर जात होती, हे नंतर कळलं. छकुली माझ्याकडं बघत होती.

घरी आल्यावर माधवी पाया पडली. मी म्हटलं, माझ्या नको पडू. सारजाला सोळा वर्षांत कुणी निजवून बोटं ठेवून बघितलं नाही. पाच वर्षांपूर्वी गौरीला आली होती, खाली बसता येईना, तर चार बायकांत मी म्हणाले, नांदायला गेलीस का लोळायला? तेव्हापासून ती सणाला येत नाही. फोनवर म्हशीची चौकशी करते, माझी करते. मी दोनदा बोलायला गेले. जीभ रेटत नाही.

४ ऑक्टोबर

हे पान फाडून सौरभबरोबर वरकुट्याला धाडते.

सारजा, तुझी तब्येत कशी हाय ते आज पहिल्यांदा खरं विचारते. तू आळशी नव्हतीस. सोळा वर्षांपूर्वी तुझ्या बाळंतपणात बाराव्या दिवशी तुझ्या डोक्यावर हंडा मी दिला. सोबत कागद आणि फुंकणी आहे. माधवी येऊन दाखवील, नाहीतर तू ये, मी पोटावर हात ठेवून बसते. तू शिकवलेल्या अक्षरांत लिहिलंय, चुका असतील. लवकर लिही बाई.