बर्फातलं मीठ

३ फेब्रुवारी १९७६, तारोडी

हरायचं नाही! आयच्या आतड्यातली गाठ कापून वर्ष होत आलं. रक्तात म्हणे एक प्रथिन असतं, ते वाढलं की कॅन्सर परत येतोय असं समजायचं. लवकर कळलं तर पुन्हा ऑपरेशन करता येतं. नवी तपासणी आहे, मुंबईच्या इस्पितळातच होते. आय म्हणते, "मी न्हाय जायची तिकडं." बरं, नको येऊस! भाईंदरचे डॉक्टर घरी येऊन रक्त काढणार, मी बर्फात घालून नेणार. येऊ दे त्या कॅन्सरला – आधीच गाठतो!

५ फेब्रुवारी

नेलं. मासळीच्या टेम्पोतून. दहिसरला कुस्त्या चालल्या होत्या – एकच बघितली, शपथ! प्रयोगशाळेतल्या मंदाबाईंनी नळी उजेडात धरली. "अरे, हे गोठलंय! बर्फात मीठ घातलंस काय?" घातलं. मिठाने बर्फ आणखी गार होतो, पापलेट नेताना घालतोच की आम्ही! "हे पापलेट नाही, बाबा. गोठून रक्तातल्या पेशी फुटल्या. यातून आता काही कळायचं नाही. दुसरं आण."

आयला सांगितलं. पोट धरून हसली. किती दिवसांनी!

८ फेब्रुवारी

वेरावळची बोट सुटली. मासेमारीला मला घेणार होते. नाही गेलो, आयचं रक्त न्यायचंय.

१२ फेब्रुवारी

दुसरं रक्त नेलं. बर्फ मी स्वतः फोडून भरला. मिठाचा कण नाही! वाटेत कुठे उतरलो नाही. तरी मंदाबाई म्हणाल्या, "परत तेच?" भांडलो. मग डब्यातल्या पाण्यात बोट बुडवून चाखलं – खारट!

घरी आय बोंबील वाळत घालत होती.

"तू टाकलंस?"

"टाकलं. पयल्यांदा तू चुकलास, मी शिकले."

"सरळ नाही म्हणायचंस डॉक्टरांना!"

"घरी येतात बिचारे. तोंडावर कसं म्हणू?"

"आणि ते प्रथिन वाढलं असेल तर?"

"तर परत पोट फाडतील. मला न्हाय फाडून घ्यायचं, ह्युबर्ट."

ओरडलो. परत नेणार म्हटलं, नेणारच! "ने की," म्हणाली. "मीठ पोतंभर हाय घरात."

१५ फेब्रुवारी

लुगडं सरकवून पोटावरचे टाक्यांचे व्रण दाखवले तिने. "बघ." नाही बघवलं. ती मात्र लगेच बोंबलांवरचे कावळे हाकलायला धावली – शिव्या देत!

१९ फेब्रुवारी

डॉक्टर रक्त काढून गेले. आय दारात उभी राहून बघत होती. बर्फ मी भरला. दोन मुठी मीठही मीच टाकलं.