अंतोनच्या होडीची फळी

५ मार्च, राखेचा बुधवार
कपाळावर राख घेतली. यंदाही ईस्टरपर्यंत कडक उपास. एक वेळ पेज, मासळी-मटण बंद. फादर सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट करून म्हणाले, "पास्कूकडून शिका." बरं वाटलं.
येताना किनाऱ्यावर अंतोनची, धाकट्या भावाची, होडी वाळूवर ओढलेली. तळाजवळची फळी अंगठ्यानं दाबली. अंगठा आत. कुजलीय, वरून नवा निळा रंग. सांगितलं नाही. सहा वर्षं बोलणं नाही. आता मीच का...

१४ मार्च, शुक्रवार
देवळात क्रुसाच्या वाटेची प्रार्थना गुडघ्यांवर केली. गुडघे सोलले. बायको म्हणाली, "उपास पोटाला हाय, तोंडाला न्हाय. किती जणांना सांगून आलात?" चिडलो.
अं.ची होडी पाण्यात गेली.

२९ मार्च
अवेळी दक्षिणेचा वारा. पाणी मळकट. अं. रोज जातो, रोज येतो. तो येईपर्यंत घास उतरत नाही. लोकांना वाटतं, काय उपास करतो!

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
पापनिवेदन केलं. आईच्या मातीला अं. पिऊन आला होता. पेटीवरचा त्याचा हात मी चारचौघांत झटकला. "आईला बाटवू नको," असंही म्हणालो. तेव्हापासूनचा अबोला. फळीचंही सांगितलं. फादर म्हणाले, "मला काय सांगतोस? त्याला सांग. आत्ता जा."
पाय माझ्याच घराकडे वळले.

१५ एप्रिल
गेलो. अं. जाळं शिवत होता.
"तळाजवळची फळी कुजलीय."
"कधी बघितलीस?"
"राखेच्या बुधवारी."
तेव्हा कुठं मान वर केली. "चाळीस दिवस झाले, दादा."
माफी मागितली. फळीची, आईच्या दिवसाचीही. म्हणाला, "उपास चांगला चाललाय तुझा." पुन्हा जाळ्यात मान.

१६ एप्रिल
अं. दोन खलाशी घेऊन पहाटेच गेला. त्याची बायको मार्था सांगत होती, "मी म्हटलं, थांबा. तर म्हणाले, दादाच्या मनाला बरं वाटावं म्हणून होडी बांधून ठेवू काय?" उद्या दुपारी परत यायचा.

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार
येशूनं शिष्यांचे धुतले तसे फादर ज्यांचे पाय धुणार त्या बारा जणांत माझं नाव. नको म्हटलं. ज्यानं विचारलं त्याला फळीचं कारण सांगितलं. काही उठून गेले.
वारा वाढला. सगळ्या होड्या आल्या. अं.ची नाही. फोन लागत नाही. बंदरावर कळवलं, माझी होडी काढली, काशीदपर्यंत गेलो. पाण्यावर निळं काही दिसलं नाही. तेवढाच धीर.

१८ एप्रिल, शुभ शुक्रवार
सकाळी पुन्हा जाऊन आलो. काही नाही. मार्थाच्या ओट्यावर बसलो.
"तुम्हाला आधीपासून ठावं होतं?"
"व्हय."
आत गेली. वाटलं, दार लावेल. पेज घेऊन आली. "खावा. पुन्यांदा जायचंय तुम्हाला."
या दिवशी जन्मात अन्नाला शिवलो नव्हतो. येणारे-जाणारे बघत होते. खाल्लं. वाडगा धुऊन दिला.
डिझेल भरलंय. वारा तसाच. तीनला, येशूच्या मरणघटकेला, सगळं गाव देवळात असेल. पाणीही तेव्हाच चढेल. निघतो.