रिम्मा जवळच आहे

कापणीचा महिना, तिसरा दिवस
आजपासून रोज फुटक्या मडक्याच्या एका खापरीवर लिहायचं. गावच्या वेशीत बसणाऱ्या वडीलधाऱ्यांत मी सर्वांत तरुण. पुढेमागे मुख्य होणारच. नोंदी असाव्यात.
दिवस मावळताना एक परका दारात आला. भाकर आणि निजायला जागा मागत होता. म्हटलं, रिम्मा गाव जवळच आहे, तिथे जा. माझी बायको नारा म्हणाली, अहो, अंधार पडतोय. म्हटलं, बायकांना वाटांचं काय कळतं. रिम्मा फार जवळ नाही, पण चालणाऱ्याला जवळच.

पाचवा दिवस
रिम्माच्या वाटेवर प्रेत सापडलं. डोकं दगडानं फोडलेलं. मारणाऱ्याचा पत्ता नाही. अशा वेळी प्रेत ज्या गावाला जवळ, त्या गावाच्या माथी ते रक्त. त्यांनी कालवड मारून, हात धुऊन शपथ घ्यायची. नाहीतर परमेश्वराचा कोप सगळ्या गावावर.
मी ओळखलं नाही. त्या दिवशी चेहरा नीट पाहिलाच नव्हता, हे एक बरं झालं.

सहावा दिवस
प्रेतापासून दोन्ही गावांपर्यंत मोजणी. आमच्या बाजूची दोरी मी धरली. जैतुनाच्या झाडांना वळसा घालून नेली, म्हणजे झाडांना इजा नको. रिम्माचा म्हातारा म्हणाला, दादा, रक्त वळसे घालत नाही. पुन्हा सरळ मोजलं. आमचंच गाव जवळ निघालं. त्या म्हाताऱ्याला शिस्त नाही.

सातवा दिवस
कालवड अशी हवी की मानेवर कधी जू आलेलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कालवडीच्या मानेला दोरीसुद्धा लागलेली नाही, हे मी वर्षभर वेशीत सांगत होतो. घाईनं घरी जाऊन तिला जुंपायला गेलो. तिनं लाथ मारली. सगळी आळी पाहत होती.
गुडघा सुजला आहे. मात्र अझ्रिएलकाकांनी, म्हणजे आमच्या मुख्यांनी, शपथ आधी मी म्हणायची असं ठरवलं. मान आहे.

आठवा दिवस
ओढ्यावर कालवड मारली. तिच्यावर हात धुतले. मी खणखणीत म्हटलं की हे आमच्या हातून घडलं नाही, आम्ही पाहिलं नाही. याजकानं, म्हणजे आमच्या पुजाऱ्यानं, विचारलं, हा माणूस तुमच्या दारातून उपाशी तर गेला नाही ना? म्हटलं, नाही. विचार केला तर खरंच आहे. तो उपाशी आलाच होता, मी काही केलं नाही.
माझ्यामागून सगळं गाव तेच म्हणालं, लहान पोरंसुद्धा. नारा घागर उचलून घरी निघून गेली. बहुतेक स्वयंपाक राहिला असेल.

बारावा दिवस
ओढ्याचं पाणी तपकिरी झालं आहे. ते प्यायलेली गुरं उभ्या उभ्या कोसळतात. सातूवर काळी बुरशी. आळीतली तान्ही पोरं तापानं फणफणली आहेत. लोक शपथेबद्दल कुजबुजतात. अडाणी आहेत.
मला मात्र झोप येत नाही. गुडघ्यामुळे.
उद्यापासून परक्यासाठी एक भाकर वेगळी ठेवायची. ठरलं.

तेरावा दिवस
भाकर ठेवली होती. दुपारी भूक लागली.
हा कोप कोणामुळे, ते शोधायला याजकानं चिठ्ठ्या टाकायचं जाहीर केलं. आमच्या घराण्यात चिठ्ठी कधीच निघत नाही.

चौदावा दिवस
आमच्या कुळावर निघाली. मग घराण्यावर. मग घरावर. पुढची चिठ्ठी टाकायच्या आत नारा पोरांना मागे सारून पुढे झाली. म्हणाली, काका, पोरांवर टाकू नका. तो माणूस आमच्या दारात आला होता. मी तिथेच उभी होते.
अझ्रिएलकाकांनी विचारलं, इथ्रान, तू त्याला काय सांगितलंस? मी खरं तेच सांगितलं, रिम्मा जवळच आहे म्हणून. कोणी ओरडलं नाही. कोणी दगडही उचलला नाही. काका एवढंच म्हणाले, मग तूही जा. परत फिरू नकोस.
नारानं पदरातून भाकर काढली होती. याजकानं तिचा हात धरला.

चौदावा दिवस, दिवस मावळताना
रिम्माच्या वेशीबाहेर. दार लावून घेतलं आहे. भाकर आणि निजायला जागा मागितली. आतून तोच म्हातारा म्हणाला, दादा, तुमचं गाव जवळच आहे. आम्ही मोजलंय.
मारणारा अजून सापडलेला नाही. वाटेवर कोणाची तरी पावलं वाजतायत. माझ्यासाठी गावानं माणूस पाठवला असणार.
खापरी लहान आहे. उद्यापासून मोठी घ्यायची.