ती पाळी नव्हती, अण्णा

अण्णा, तुम्ही आयुष्यभर विज्ञान शिकवलंत असं लोक अजून म्हणतात. मी तुमची मुलगी, आणि तुमच्याच वर्गात होते, म्हणून किती शिकवलंत ते मला ठाऊक आहे. प्रजननाचा धडा आला की तुम्ही खडू खाली ठेवून खिडकीकडं बघायचात. "हा घरी वाचा." आणि घरी तोच धडा माझ्यासमोर उघडा दिसला की तुमच्या कपाळावर आठ्या आणि आवाज चढलेला. याला लोक शिस्त म्हणायचे. मला ती तेव्हाही भीतीच वाटायची, आणि भित्र्या माणसाचा मोठा आवाज अजूनही मला सहन होत नाही.

तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी मी सासरहून, सिल्लोडहून, मुद्दाम आलेली. पुंडलिकनगरच्या घरात गच्चीवर मांडव, पंगती, तुमच्या अंगावर शाल. माझी पाळी चुकली होती आणि त्या सकाळपासून अंगावरून थोडं थोडं जात होतं. नेहमीसारखं लाल आणि भरपूर नव्हतं; तपकिरी, डागापुरतं. डाव्या कुशीत मात्र कळ. आईला सांगितलं, तर भाजी हलवता हलवता ती म्हणते, "उशिरा आलेली पाळीच असंल गं. जरा पडून राहा." तिला मी दोष देत नाही. तिला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि शिकवायचा पगार घेणारा माणूस तिच्याच घरात हार घालून बसला होता.

दुपारी खांदा दुखायला लागला, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी ओट्याला धरून खाली बसले. आईनं तुम्हाला बोलावलं. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातच थांबलात.

"सर, पोरगी पांढरीफटक पडलीय," शेजारच्या काकू म्हणाल्या. "रिक्षा बघा."

"काय होतंय तिला?"

"अंगावरून जातंय."

तुमची नजर लगेच जमिनीवर गेली. "पाहुणे जेवतायत. बायकांचं बायकांत बघा," असं म्हणून तुम्ही जिलेबीचा आग्रह करायला परत गेलात.

रिक्षा काकूंनीच आणली. दवाखान्यात कळलं, गर्भ पिशवीत नव्हता, नळीत वाढत होता. नळी फुटली होती आणि रक्त आत पोटात साठत होतं. बाहेर दिसत होते ते नुसते डाग. डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, "आणखी उशीर केला असता तर हाती लागली नसती." ती नळी काढून टाकली. संध्याकाळी तुम्ही आलात आणि भेटायला येईल त्याला सांगत सुटलात, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. विज्ञानाच्या मास्तरानं लाजेपायी पोटच्या मुलीचा अवयव बदलला. मरेपर्यंत तुम्ही तेच सांगितलंत.

उरलेल्या नळीवर मला मुलगी झाली. मध्यंतरी तिला दिवस राहिले, आणि एक दिवस वैजापूरहून, सासरहून, तिचा फोन आला. रडत होती. "आई, पाळी आल्यासारखं झालंय."

"दिवस गेल्यावर पाळी येत नसते. हे दुसरं काहीतरी आहे. रंग कसा आहे? एका बाजूला दुखतंय का? खांदा? चक्कर?"

फोन जावयानं घेतला. "डाग आहेत आई, तपकिरी. दुखत नाही म्हणते. पॅड भरत नाही." हवामान सांगावं तसं सांगितलं त्यानं.

"दुखत नसलं तरी निघा. आत्ताच गाडी काढा."

सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच दिसला, ठोकेही दिसले. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला काही जणींना असं होतं आणि पुढं सगळं नीट होतं, पण तपासल्याशिवाय कुणी ते गृहीत धरू नये. अण्णा, एवढं एक वाक्य तुम्हाला तुमच्या सगळ्या नोकरीत झेपलं नाही.

मुलगी सध्या माझ्याकडं आहे, पोट दिसायला लागलंय, आणि तिला बघायला जावई कालच आलाय. हे पत्र कुठं पाठवायचा प्रश्नच नाही, आणि तुम्ही असतात तरी वाचलं नसतंत. एक मात्र सांगते. आत्ता हे लिहीत असताना जावई चहा घेऊन आला, आणि मी कागद पालथा घातला.