ब्रेक हलका केल्यावर

बाबा,

तुमच्या गाडीला मी बूस्टर बसवला. हे ऐकून तुमच्या कपाळावर आठ्या पडणार, मला ठाऊक आहे. "ब्रेक पायाने लागतो, डब्याने नाही," असं म्हणून तुम्ही तो विषय दरवेळी मिटवायचात. म्हणून आधी कारण सांगते. माझा उजवा गुडघा आता कुरकुर करतो. नेपियर टाउनच्या चौकात समोरचा ऑटो मध्येच थांबला की ते कडक पेडल दाबताना कळ थेट कमरेपर्यंत जाते. लेक महिनाभर मागे लागली होती, "मम्मी, गाडी बेच दो ना, तू ऑटोनेच जात जा आता." ती माझ्या भल्यासाठीच म्हणत होती. मीही एकदा तुमच्या भल्यासाठीच काही केलं होतं, त्याकडे येतेच. पण मला गाडी चालवायची आहे, बाबा. गाडी गेली की मी कुठे, कधी जायचं हे दुसरं कोणीतरी ठरवणार, आणि ते मला सोसणार नाही.

दोन रविवार लागले. फक्त दोन. बूस्टर म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर चालणारा एक गोल काळा डबा, पायाच्या जोराला आपला जोर जोडणारा. डबा नवा घेतला, ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर नवा घेतला, रबरी नळ्याही नव्याच. ब्रेकमध्ये जुनं-पुराणं चालवायचं नाही, हा तुमचा नेम मोडला नाही. डब्याला जागा होईना म्हणून बॅटरी वीतभर सरकवली. पेडलची दांडी मात्र मी अंदाजाने बसवली आणि ती जरा लांब राहिली. पाय काढला तरी ब्रेक अर्धवट लागलेलाच, चाक हाताने फिरता फिरेना. सगळं पुन्हा खोललं. तुम्ही असता तर तुमच्या फॅक्टरीतल्यासारखं आधी मापलं असतंत आणि मग वर मलाच विचारलं असतंत, की शाळेत मुलांना भौतिकशास्त्र शिकवतेस ते कशाच्या जोरावर.

मग ब्रेकमधली हवा काढायचं काम आलं, आणि त्याबरोबर तो दीक्षितपुऱ्याच्या घरातला रविवार आला. मी सहावी-सातवीत असेन. तुम्ही सगळ्यात लांबच्या मागच्या चाकाशी आडवे पडलेले आहात, हातात पाना, बाटलीत बुडवलेली नळी. मी सीटच्या अगदी टोकाला बसले आहे, तरच पाय पुरतो. "दाब. दाब. दाब. धर!" तुम्ही ओरडता, बोल्ट सैल करता, आणि मी पाय उचलून खाली ठेवते. सगळी हवा परत आत. तुम्ही गाडीखालून बाहेर येता ते गालावर ब्रेक ऑइल घेऊनच.

"काहून सोडलं? धर म्हणलं ना मी!"

"म्हणून तर धरला. खाली."

शाळेत, गल्लीत, सगळीकडे हिंदी, आणि हिंदीत 'धर दे' म्हणजे ठेवून दे. मला तेच सुचलं. स्वयंपाकघराच्या दारात आई पदराने तोंड दाबून हसत होती. "अहो, दिवसभर हिंदीच ऐकून राहिली ती पोरगी. तिचं काय चुकलं?" तुम्ही हसला नाहीत. "घराच्या आत एक भाषा ठेवत जा," एवढंच म्हणालात, आणि मला रडू आलं. पण पुढच्या चाकाशी गेल्यावर तुम्ही 'धर' म्हणालाच नाहीत. "पकड!" म्हणालात. पकड दोन्ही भाषांत पकडच. तुम्ही माझ्यासाठी शब्द बदललात हे मला तेव्हा कळलं नव्हतं, मी आपली फुरंगटूनच बसले होते.

परवा मी चाकाशी पाटावर बसले आणि लेकीला पेडलवर बसवलं. तिला मराठी कळते सगळी, बोलताना मात्र अर्ध्यात हिंदी येते. "दाब, दाब, दाब," म्हणता म्हणता माझ्या तोंडून आपोआप निघालं, "धर!" आणि पोरीने पाय उचलला. "काहून सोडलं?" मी पाना हातात घेऊन ओरडले. "तूच तर बोलली ना धर," ती वरून ओरडली, "मी धर दिया!" मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं मला ब्रेक ऑइल झोंबलं.

हवा काढून झाल्यावर तपासणी असते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, मग पाय तसाच ठेवून गाडी सुरू करायची. बूस्टर नीट बसला असेल तर पेडल पायाखाली आपणहून जरासं खाली जातं. मी सुरू केली आणि ते गेलं. गुडघ्याला कळसुद्धा लागली नाही. लेक टाळ्या वाजवत होती आणि मला, बाबा, फार वाईट वाटलं. इतकं सोपं होतं? तुमच्या पायातला जोर गेला त्या वर्षी ग्वारीघाटाच्या उतारावर गाडी नारळाच्या ठेल्याला टेकून थांबली होती. तुम्ही दोन्ही पायांनी ब्रेक दाबत होतात, मी शेजारी बसले होते. कोणाला लागलं नाही. पण तुमचं गाडी चालवणं आता बंद, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. तुम्हाला विचारलं नाही, बूस्टरचं तर डोक्यातही आलं नाही. तुमच्याशी वाद घालायची माझी हिंमत नव्हती, एवढीच खरी गोष्ट.

लेकीने हात पुसता पुसता विचारलं, "आजोबांनी गाडी चलाना क्यों छोड़ा था?" पायात जोर राहिला नव्हता, असं मी सांगितलं. वर म्हटलं, तुला कधी मला थांबवावंसं वाटलं तर तोंडावर सांग, भांडू आपण. ती म्हणाली, "अच्छा, सांगीन. पण असं काहून बोलून राहिली?" मी गाडी पुसायला लागले.

तिला सांगण्याआधी तुम्हाला सांगायला हवं होतं. हे वहीतच राहणार आहे, तरी लिहिते. ग्वारीघाटाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही गाडीची किल्ली शोधायला लागलात. आठवडाभर शोधलीत. कपाट रिकामं केलंत, गाद्या उलटल्यात, खिडकीखालचं गवतही चाळलंत. आयुष्यात ज्याने कधी साधा स्क्रू हरवला नाही, तो माणूस शेवटी आईला म्हणाला, "माझं डोकं आता चालत नाही." त्यानंतर तुम्ही प्रत्येक गोष्ट चिठ्ठीवर लिहून ठेवायला लागलात, औषध घेतलं की नाही तेसुद्धा. मी आत पोळ्या लाटत होते. मला ऐकू आलं होतं, आणि मी लाटतच राहिले.

किल्ली माझ्या पर्समध्ये होती, बाबा. तुमचं डोकं शेवटपर्यंत ठीक होतं.