भोंगा गप्प होता तेव्हा

तारीख ११, सोमवार

लाडक्या धाकट्यास,
थोरल्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे खुशाल. तुझी वहिनी लेकीच्या बाळंतपणाहून परवा परतली. नात झाली, नाक आपल्याकडचं आहे, बिचारीचं नशीब! माझे गुडघे कुरकुरतात, पण मशिदीच्या मिनाराच्या पायऱ्या आता चढाव्या लागत नाहीत, हाही फायदाच.

तू बसवलेलं यंत्र बरं चालतं. शहरातल्या मोठ्या मशिदीत एकजण अजान देतो आणि पन्नास मशिदींचे भोंगे तीच ऐकवतात. चाळीस वर्षं ते काम मी केलं. आता चटया झटकतो. लोक म्हणतात, "चाचा, आराम करा." कसला डोंबलाचा आराम! राग यायचा मला. तुझाही यायचा.

अम्मीला तो आवाज कधी पटला नाही. "हा कोण परका?" म्हणायची. पण डोळे गेलेले, घड्याळ दिसेना, मग रोजा त्याच अजानवर सोडायची. करते काय.

तू लिहितोस, "त्या संध्याकाळी माझं यंत्र बंद पडलं म्हणून अम्मी गेली, मला झोप लागत नाही." धाकट्या, हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं.

सूर्य मावळला, भोंगा गप्प. मी त्याच्या खालीच उभा होतो. इमामसाहेब म्हणाले, "चाचा, तुम्हीच द्या की."

मी म्हटलं, "यंत्र देईल. मी कोण?"

वाटलं होतं, सगळा मोहल्ला धावत येईल, माझी मनधरणी करील. कुणी आलं नाही. ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईलवर अजान वाजली, सगळ्यांनी पाणी पिऊन रोजा सोडला. इमामसाहेबांनी मशिदीच्या आतच हळू आवाजात अजान उरकली आणि नमाज सुरू झाली. माझ्या आवाजावाचून कुणाचंच अडलं नाही, म्हणून मी नमाजनंतरही तिथेच फुरंगटून बसलो. बराच वेळ बसलो.

घरी आलो तर अम्मी खिडकीशी कलंडलेली. साखरेचं दुखणं, रोजा धरू नकोस म्हणून आपण दोघं किती ओरडायचो. खिडकीत पाण्याचा पेला होता, काठोकाठ भरलेला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

शेजारीण नंतर रडत म्हणाली, "मी सांगितलं होतं हो, वेळ झाली, पाणी प्या. तर म्हणाल्या, यंत्र बिघडलं असेल. माझा थोरला तिथेच आहे, तो देईल. थांबते."

खिडकीपासून मशीद शंभर पावलं. माझा आवाज सहज पोचला असता.

तुला मी फक्त रोजा सोडायला उशीर झाला, साखर उतरली एवढंच कळवलं होतं. दोष तुझ्या यंत्राचा नाही. तू झोपत जा.

पत्राच्या शेवटी सलाम लिहायची आपली रीत. पण सलाम लिहिला की, हे सगळं वाचूनही, त्याचं उत्तर देणं तुला धर्माने भाग पडेल. म्हणून या वेळी लिहीत नाही.

तुझा,
थोरला